व्हॅलेंटिनोला भेटून आले

लॉस एंजेलिस,
24 ऑगस्ट

ती. आत्यास सा. न.,

काल इथल्या ‘हॉलिवूड फॉरेव्हर’ या दफनभूमीत जाऊन आले. घाबरू नकोस, ओळखीचं कुणी गेलेलं नाही. रुडॉल्फ व्हॅलेंटिनो हा मूकपटांचा नायक 23 ऑगस्ट 1926 ला गेला, अवघ्या 31 व्या वर्षी. दरवर्षी त्या दिवशी, तो गेला त्याच वेळी, म्हणजे दुपारी 12 वाजून 10 मिनिटांनी, इथे माणसं जमतात. काळ्या कपड्यांतली एक बाईही फुलं घेऊन येते. पहिली कधीच वारली. आता दुसऱ्या कुणी ना कुणी ती रीत चालवतात.

हा मूळचा इटलीचा. न्यूयॉर्कमध्ये पैसे घेऊन बायकांबरोबर नाचायचा. पुढे जून मॅथिस या पटकथालेखिकेने हट्ट धरला म्हणून 1921 मध्ये त्याला मोठी भूमिका मिळाली. त्यातला त्याचा टँगो नाच मी पाहिलाय. आत्या, समोरच्या बाईकडे इतकं मन लावून बघणारा पुरुष पडद्यावर आजही सहसा दिसत नाही! त्याच वर्षीचा ‘द शेख’ मात्र मला सोसवला नाही. बाईला पळवून न्यायचं आणि त्यालाच प्रेम म्हणायचं. पण त्याच सिनेमावर बायका तेव्हा वेड्या झाल्या होत्या.

मला वाटतं, त्याचा आवाज ऐकू येत नव्हता हेच त्याच्या पथ्यावर पडलं. पाटीवर दोन ओळी यायच्या, बाकी नुसते ओठ हलायचे. जिला जसा हवा तसा आवाज तिने मनात ऐकायचा. नवऱ्याशेजारी बसून!

पुरुषांना तो अर्थातच खुपायचा. जुलै 1926 मध्ये शिकागोच्या एका वर्तमानपत्राने त्याला ‘गुलाबी पावडरचा पफ’ म्हणून हिणवलं, तर त्याने लिहिणाऱ्याला मुष्टियुद्धाचं आव्हान दिलं. सव्वा महिन्यात गेलाच बिचारा. न्यूयॉर्कमध्ये त्याच्या अंत्यदर्शनाला इतकी झुंबड उडाली की खिडक्यांच्या काचा फुटल्या.

आपल्या मास्टर विठ्ठलांची आठवण झाली. मूकपटांत केवढं नाव त्यांचं, आणि 1931 च्या ‘आलम आरा’ या आपल्या पहिल्या बोलपटात नायक तेच, पण बोलायला जवळजवळ काही नाही. त्यांचं नाव निघालं की आजोबा पानावरून उठायचे असं आजी सांगायची. खरं होतं का गं ते, की आजीच तिखटमीठ लावायची?

तुझी,
चिमी