‘हात तर उगारत नाही ना?’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चैत्रातल्या एका हळदीकुंकवाला, इथे बडोद्यात दांडिया बाजारात, नात्यातल्या एका विवाहित मुलीचा विषय निघाला. नवरा तिचा पगार खात्यावर जमा होताच काढून घेतो, रिक्षाच्या भाड्याचाही हिशेब मागतो आणि माहेरी फोन करायचा तर स्पीकर चालू ठेवायला लावतो. एवढे ऐकून तिच्या सख्ख्या मावशीने विचारले, “हात तर उगारत नाही ना?” नाही, असे कळताच बोलणे आंब्याच्या डाळीकडे वळले.

मी बँकेत एकतीस वर्षे रोखपाल होते. स्वतःच्या खात्यातून किती रक्कम काढायची हे सांगण्याआधी शेजारी उभ्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघणाऱ्या, सही करून पासबुक त्याच्याच हाती परत जाताना पाहणाऱ्या कितीतरी बायका माझ्या खिडकीशी येऊन गेल्या. त्या नीटनेटक्या, चांगल्या घरच्या असत, म्हणून मी त्याला संसाराची रीत समजत राहिले.

कायद्याला मात्र ही रीत वाटत नाही. २००५ साली संमत झालेल्या आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू असलेल्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात शारीरिक आणि लैंगिक छळाच्या बरोबरीने शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही नमूद आहे. हक्काचा पैसा अडवणे, स्त्रीधन परस्पर विकणे, मूल किंवा मुलगा होत नाही म्हणून पाणउतारा करणे, हे सारे त्यात येते. नांदत्या घरात राहण्याचा तिचा हक्क घर कोणाच्या नावावर आहे यावर अवलंबून नाही, हेही त्यात आहे. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, हिंदू विवाह कायद्याच्या २४ वर्षे आधी, १९३१ मध्येच या संस्थानात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. त्याच गावातली आम्ही मराठी माणसे अजून वळ शोधत बसलो आहोत.

मुलीने तोंड उघडले की आपण बहुधा जावयाला फोन लावून ‘समजावून’ सांगतो, आणि त्याचा वचपा तिच्यावरच निघतो. नाही तर ‘उद्याच्या उद्या निघून ये’ म्हणतो आणि ती आली नाही की तिच्यावरच रागावतो. घर सोडण्याची वेळ सर्वांत धोक्याची असू शकते, म्हणून ती कधी आणि कशी साधायची हे तिचे तिलाच ठरवू द्यावे. आपण तिला एकटीला गाठून शांतपणे ऐकावे, आधार कार्ड, पासबुक आणि मुलांच्या जन्मदाखल्यांच्या प्रती आपल्याकडे ठेवून घ्याव्यात आणि रात्री-बेरात्री दार उघडेल एवढा शब्द द्यावा. गुजरातेत १८१ वर फोन केला तर ‘अभयम्’ या महिला मदतसेवेची गाडी समुपदेशक आणि महिला पोलिसासह येते, जिवावर बेतले असेल तर ११२ आहेच. शेजाऱ्याने सद्भावनेने, कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला खबर दिली तर त्याच्यावर कायदेशीर जबाबदारी येत नाही, हेही त्या कायद्यातच लिहिले आहे, पण आमच्या वाड्यांत ते कोणी वाचलेले नाही.

आपण रविवारी वधू-वर जाहिरातींचे पान छापता. त्याच पानाच्या तळाशी १८१ हा क्रमांक दर आठवड्याला छापावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त रोखपाल, बडोदे