अर्ध्या किमतीत विकण्यापेक्षा फुकट दे

कारेलीबाग, बडोदे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र आणि प्रिंट्सचं पुडकं, दोन्ही पोचलं. एकही कोपरा दुमडलेला नाही, इतकं नीट बांधलंयस. गॅलरीच्या धबडग्यात माझं स्वतःचं काम होतं का, असं तू विचारलंयस. त्याचं उत्तर पुढे देतो, पण आधी एका गोष्टीवरून तुझ्याशी भांडायचं आहे आणि ते फोनवर जमणार नाही, म्हणून लिहायला बसलोय.

तुझं ते महेश्वरच्या घाटाचं एचिंग, तांब्याच्या प्लेटवरून छापलेलं. वीस प्रतींची एडिशन, किंमत फ्रेमशिवाय सहा हजार. आपण दोघांनी मिळून ठरवलेली. त्यातली एक प्रत आमच्याकडून बालवाडीच्या एका शिक्षिकेने घेतली. एकदम पैसे देणं शक्य नव्हतं म्हणून बाई दर महिन्याला हजार रुपये आणून द्यायच्या आणि प्रत्येक वेळी चित्रापुढे थोडा वेळ उभ्या राहून जायच्या. शेवटचा हप्ता देऊन चित्र घरी नेलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद तू पाहायला हवा होतास. परवा त्या आल्या. त्यांच्या बहिणीच्या सासरी, इंदूरला, तेच चित्र भिंतीवर आहे. तुझ्याकडून तीन हजारांना घेतलेलं. बाईंनी तक्रार केली नाही. "मग माझ्याकडून दुप्पट का घेतले?" एवढंच विचारलं. त्यांना काय सांगू, तूच सांग.

तुझं मन मला ठाऊक आहे. ओळखीचा माणूस दारात आला की तुझ्याच्याने पूर्ण पैसे मागवत नाहीत. पण छापाचित्राचा सगळा व्यवहार विश्वासावर चालतो रे. खाली पेन्सिलीने सात, तिरकी रेघ, वीस लिहितोस, तेव्हा तू घेणाऱ्याला शब्द देतोस की अशा वीसच आहेत आणि सातवी तुझी. किंमत हाही त्याच शब्दाचा भाग आहे. ती माणूस पाहून बदलायला लागली, तर वीसच्या आकड्यावर तरी कोणी का विश्वास ठेवावा?

इथे आम्हाला हा आकडा रोज समजावून सांगावा लागतो. लोक आत येतात, चित्र आवडतं, आणि प्रिंट आहे म्हटलं की चेहरा पडतो. "म्हणजे छापील? मग ओरिजिनल कुठाय?" तेही साहजिकच आहे. बडोद्यात राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं राजवाड्याच्या आवारातल्या संग्रहालयात आहेत आणि त्याच्याच लक्ष्मी-सरस्वतीचे छाप आपल्या आज्यांच्या देवघरात होते. चित्रांचे असे छाप काढावेत ही सूचना रविवर्म्याला केली ती सर टी. माधवरावांनी, म्हणजे बडोद्याचे दिवाण राहिलेल्या तंजावरच्या मराठी माणसाने. पुढे १८९४ मध्ये मुंबईत छापखाना निघाला आणि चित्र घरोघरी गेलं. फार मोठं काम झालं ते. पण तिथे आधी तैलचित्र होतं आणि छाप ही त्याची नक्कल होती. आपल्या एचिंगमागे कुठलंही चित्र लपलेलं नसतं. प्लेटवर सगळं उलटं असतं आणि कागदावर उतरतं तेच मूळ. हा फरक नुसत्या बोलण्याने पटत नाही, म्हणून गॅलरी आणि स्टुडिओ यांच्यामधलं दार आम्ही काढूनच टाकलं.

आता कोणी विचारलं की बायको त्यांना सरळ प्रेसपाशी नेते. तुझीच प्लेट मी त्या दिवशी छापत होतो. प्लेट गरम करून शाई भरायची, खळीच्या जाळीदार कापडाने गोल गोल पुसायची, शेवटी खडू लावलेल्या तळहाताने. घाटाच्या पायऱ्यांवर हात हलका ठेवावा लागतो, नाहीतर तुझ्या बारीक रेघांतली शाई निघून येते. नर्मदेच्या पाण्यावर राळ टाकून, रेघेऐवजी छटा उठवणारा जो ॲक्वाटिंट केलायस, तिथे मात्र एक हात जास्तच फिरवावा लागतो, तेव्हा कुठे तो करडा उजेड येतो. मग भिजवून टिपलेला कागद, वर ब्लँकेट, आणि चाक. कागद उचलला तेव्हा समोर उभे असलेले गृहस्थ एकदम गप्प झाले. "थोडुं ओछुं करो ने" म्हणत आत आलेला माणूस पूर्ण पैसे देऊन गेला.

त्या सहा हजारांतले अठराशे गॅलरीचे. त्यात भाडं, वीज, प्रदर्शनाचा खर्च. उरलेले बेचाळीसशे तुझे, आणि त्यातूनच तुझा तांबं, शाई नि कागदाचा खर्च सुटायचा. तू घरून तीन हजारांना दिलंस तेव्हा आमचे अठराशे बुडाले, त्याचं मला काही वाटत नाही. पण तू स्वतःचे बाराशे सोडलेस आणि वीसच्या वीस प्रतींचा भाव पाडलास.

म्हणून माझं मागणं एकच आहे. जवळच्यांना द्यायचंच असेल तर फुकट दे. आर्टिस्ट प्रूफ, म्हणजे एडिशनच्या आकड्याबाहेरच्या चित्रकाराच्या स्वतःच्या प्रती, त्यासाठीच असतात. वीसच्या एडिशनला दोन प्रूफ ठेव, खाली त्या माणसाचं नाव घालून सप्रेम भेट लिही आणि दे. भेटीने कोणाचा भाव पडत नाही. अर्ध्या किमतीत विकलेल्याने पडतो.

आणखी एक गोष्ट, कारण तू कागदपत्रांकडे पाहत नाहीस. मध्यंतरी एका हॉटेलवाल्याने आमच्याकडून प्रिंट विकत घेतलं आणि ते मोठं करून सगळ्या खोल्यांच्या भिंतींना वॉलपेपर म्हणून लावणार होता. चित्र विकत घेतलं म्हणजे कॉपीराइटही आला, अशी त्याची समजूत. ऑर्डर देऊन करवून घेतलेल्या कामाची गोष्ट वेगळी. पण आपण आपल्या मनाने केलेलं चित्र विकलं तरी कॉपीराइट आपल्याकडेच राहतो, लेखी दिला नसेल तर. १९५७ च्या कायद्यात तर अशीही तरतूद आहे की मूळ चित्र पुढे दहा हजारांच्या वर पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला त्यात जास्तीत जास्त दहा टक्क्यांपर्यंत वाटा मागता येतो. म्हणून प्रत्येक विक्रीची पावती ठेव आणि तिच्यावर प्रतीचा नंबर लिही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. माझं काम सकाळी होतं, गॅलरी अकराला उघडते त्याआधी. उन्हाळ्यात पहाटेच बसतो, कारण नंतर भिजवलेला कागद टेबलावर ठेवेपर्यंत सुकायला लागतो. पावसाळ्यात बुरशीची भीती, त्यामुळे तेव्हा छापणं कमी आणि प्लेटवर काम जास्त. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा प्रिंट्सचे सगळे ड्रॉवर शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर नेले होते. ओतीव लोखंडाची प्रेस मात्र पाण्यातच उभी राहिली. गंज घासून काढताना तिचा एकेक स्क्रू हाताला ओळखीचा झाला. दुसऱ्यांच्या प्लेट्स छापूनही मी खूप शिकतोय. तुझ्या त्या करड्या पाण्यावरून मला माझ्या नव्या प्लेटचं आभाळ सुचलं, हे तुला सांगायचंच होतं.

छापाचित्रकार ज्योती भट्ट न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये शिकून इथल्या विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये परतले आणि या गावाला छापाचित्राचं वेड लागलं. तुमच्या इंदूरने तर आम्हाला चित्रकार ना. श्री. बेंद्रे दिले. तिथल्या कलाशाळेच्या देवळालीकरांच्या हाताखाली तयार झालेला हा माणूस १९५० मध्ये इथे चित्रकला विभाग उभा करायला आला. तेव्हा तुझी प्लेट इथे छापली जाते हे मला अगदी घरचंच वाटतं.

घाटाच्या वीसपैकी आठ प्रती छापायच्या राहिल्यात. डिसेंबर-जानेवारीत परदेशातले गुजराती लग्नकार्यांसाठी घरी येतात, तेव्हा आमची खरी विक्री होते. त्याआधी त्या तयार हव्यात. नवरात्र संपलं की ये, म्हणजे फाइन आर्ट्सच्या गरब्याच्या गर्दीतून माझीही सुटका झालेली असेल. सह्या तुझ्या लागतील, आणि विसावा छाप काढून झाल्यावर प्लेटवर आडवी रेघ मारून ती कॅन्सल करायचं कामही तुझंच. बाईंना मी तेव्हा बोलावणार आहे. त्यांच्याशी तू स्वतः बोल आणि एक प्रूफ त्यांच्या नावाने लिहून दे, एवढी माझी इच्छा आहे.

अवंतिका एक्स्प्रेसचं तिकीट काढलंस की कळव, स्टेशनावर घ्यायला येतो. काकूंना नमस्कार सांग, त्यांच्यासाठी लीलो चेवडो आणून ठेवतो.

तुझाच