‘लाइफ’मधली अमेरिका एवढी गोड नव्हती

महोदय,

रविवारच्या पुरवणीत जुन्या अमेरिकेच्या ओढीवरचा लेख वाचला. लांबलचक मोटारी, नाणे टाकले की गाणे वाजवणारे ज्यूकबॉक्स, अंगणातले गवत कापणारे बाबा आणि पुराव्यादाखल ‘लाइफ’ या अमेरिकी सचित्र साप्ताहिकातली चित्रे. लेख रंगला आहे, पण ‘लाइफच्या पानांवर साधीसुधी, सुखी अमेरिका भेटते’ हे वाक्य काही पचनी पडले नाही. माझा जन्म वृत्तपत्रांसाठी फोटो काढण्यात गेला. निवृत्तीनंतर ‘लाइफ’चे १९३६ ते १९७२ या काळातले अंक गुगल बुक्सवर फुकट चाळायचा नाद लागला आहे. (बायकोच्या मते याला नाद नव्हे, व्यसन म्हणतात.)

१५ फेब्रुवारी १९३७ चा अंक बघा. ओहायो नदीच्या महापुरानंतर ‘लाइफ’च्या फोटोग्राफर मार्गारेट बर्क-व्हाइट केंटकीतल्या लुईव्हिल शहरात पोचल्या. ‘लाइफ’च्या पहिल्या अंकाचे, फोर्ट पेक धरणाचे मुखपृष्ठही त्यांचेच. इथे त्यांना एक भलेथोरले होर्डिंग दिसले. मोटारीत हसरे गोरे कुटुंब, सोबत कुत्रा आणि वर घोषणा: जगात सर्वांत उंच राहणीमान आमचेच. त्या होर्डिंगच्या पुढ्यात पूरग्रस्त काळी माणसे मदतीच्या रांगेत उभी. कोणाच्या हातात टोपली, कोणाच्या हातात बादली. फोटो अगदी समोरून घेतलेला, कसलीही कलाकुसर नाही. त्यामुळे ती मोटार रांगेच्या डोक्यावरूनच चालली आहे असे वाटते. हाच फोटो आज सर्रास ‘मंदीतली बेकारांची रांग’ म्हणून खपवला जातो. पूरही गेला आणि माणसांचा रंगही.

लेखकाला पन्नासचे दशक विशेष प्रिय दिसते. त्याच दशकात, १९५६ साली, गॉर्डन पार्क्स यांनी ‘लाइफ’साठी अलाबामात जाऊन वर्णभेदाखाली जगणाऱ्या एका कुटुंबाचे फोटो काढले. पार्क्स हे साप्ताहिकाचे पहिले काळे स्टाफ फोटोग्राफर. फोटो रंगीत आहेत. कुठे रक्त नाही, लाठी नाही. घर, पोरेबाळे, नीटनेटके कपडे, रोजचे व्यवहार आणि प्रत्येक व्यवहारात आडवी येणारी भिंत. अंक बाजारात आला आणि त्या कुटुंबातल्या शिक्षिकेची नोकरी गेली. फोटोत दिसल्याची आणि बोलल्याची ही किंमत! आम्ही फोटोग्राफर क्लिक करून पुढच्या गावाला जातो, मागे राहतात ती फोटोतली माणसे.

मग हा गोडवा आला कुठून? तो विकण्यात खुद्द ‘लाइफ’चाही हात होता, हे लेखात यायला हवे होते. १६ जून १९७२ च्या अंकाने मुखपृष्ठावरच पन्नासच्या दशकाच्या आठवणींचा बाजार मांडला. तेव्हा व्हिएतनामचे युद्ध चालूच होते. तीनच वर्षांपूर्वी, जून १९६९ मध्ये, याच साप्ताहिकाने तिथे एका आठवड्यात मेलेल्या अमेरिकी जवानांचे चेहरे पानोपान छापले होते. कॉलेजच्या वार्षिकांकात असतात तसे कोवळे चेहरे. ते बघून थकलेल्या वाचकाला मागे वळावेसे वाटले, तर त्याला मी नावे ठेवणार नाही. साप्ताहिकाला मात्र त्याचा उपयोग झाला नाही. जाहिराती टीव्हीने पळवल्या, टपालखर्च वाढत गेला आणि पन्नास लाखांहून अधिक खप असूनही १९७२ च्याच डिसेंबरात साप्ताहिक बंद पडले.

लेखासोबतची बहुतेक चित्रे तर बातम्यांची नाहीत, जाहिरातींची आहेत. त्याच पानांवर डॉक्टरमंडळी कोणती सिगारेट पसंत करतात, हेही छापून येत असे. लेखाचा पुढचा भाग येणार असल्याचे वाचले. त्यात पार्क्स यांचा एखादा तरी फोटो घ्यावा, आणि लुईव्हिलचा घेतलात तर फोटोखालच्या ओळीत ‘महापूर, १९३७’ एवढे जरूर लिहावे.

– एक निवृत्त वृत्तछायाचित्रकार