किती तपासले ते छापता, नंतर त्यांना कोण तपासणार तेही विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात एका चर्चच्या टीमचा फोटो होता, विमानतळावर सगळे एकसारख्या टीशर्टमध्ये, आणि खाली बातमी की परदेशात आठ दिवसांत अडीच हजार पेशंट तपासून टीम सुखरूप परत आली. फोटो बघून बरं वाटलं, कारण तीन वर्षांपूर्वी मी पण तशाच टीशर्टमध्ये तशाच फोटोत उभी होते. आमचा आकडा १,८४० होता. तो मला अजून पाठ आहे कारण परत आल्यावर कितीतरी रविवार कोणी ना कोणी तो विचारायचंच. त्या १,८४० मधल्या एका तरी माणसाचं पुढे काय झालं हे मात्र कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मला सांगताही आलं नसतं. म्हणून हे पत्र लिहितेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी फार्मासिस्ट आहे, काउंटरवर २२ वर्षं गेली. आमच्या चर्चच्या मंडळीतून १४ जणांची टीम टांझानियाला गेली होती, ४ डॉक्टर, ३ नर्स, एक डेंटिस्ट, औषधांना मी आणि बाकीचे पाच जण नोंदणी, मुलांना सांभाळणं, प्रार्थना असं सगळं बघायला. सगळी मनापासून आलेली माणसं होती, कोणी वर्षभराच्या रजा साठवलेल्या, कोणी स्वतःच्या लग्नाच्या वाढदिवसाचे पैसे तिकिटात घातलेले. त्यांच्या मनाबद्दल मला एक शब्दही वाकडा लिहायचा नाही.

तयारी दोन महिने चालली. उपासना संपली की हॉलमध्ये टेबलं लावायची आणि लोकांनी आणून दिलेली औषधं निवडायची. त्यात काय नव्हतं! अर्ध्या वापरलेल्या स्ट्रिप, डॉक्टरांकडचे सॅम्पल, कोणाच्या वारलेल्या वडिलांची उरलेली हार्टची औषधं, तीन महिन्यांत एक्सपायर होणारी सिरप. मी म्हणाले हे न्यायचं नाही, तर एक काका प्रेमानेच म्हणाले, "अगं चालतं, तिथे काहीच मिळत नाही." आणि मी गप्प बसले. खरं तर मला नियम माहीत होता. औषधं दान करण्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं १९९६ पासून आहेत, २०१० मध्ये सुधारून परत काढलीत, त्यात स्पष्ट लिहिलंय की पेशंटला दिलेली आणि परत आलेली औषधं नाहीत, फुकटचे सॅम्पल नाहीत, तिथे पोचल्यावर किमान एक वर्ष एक्सपायरी शिल्लक पाहिजे, आणि लेबल तिथल्या डॉक्टर-नर्सना कळेल अशा भाषेत पाहिजे. हे नियम उगाच नाही आले. बोस्नियाच्या युद्धात १९९२ ते १९९६ मध्ये जगभरातून इतकी औषधं पाठवली गेली की त्यातली सुमारे १७,००० टन निरुपयोगी निघाली, आणि ती नष्ट करायचं काम त्या पोळलेल्या देशाच्याच गळ्यात पडलं.

आणि "तिथे काहीच मिळत नाही" हे तर खरंच नाही. टांझानियात सरकारचं स्वतःचं औषध भांडार आहे, मेडिकल स्टोअर्स डिपार्टमेंट, तिथून देशभरातल्या दवाखान्यांना माल जातो. शेजारी केनियात तर चर्चेसनी मिळून १९८६ पासून नैरोबीत औषधांचं मोठं केंद्र चालवलंय, मेड्स नावाचं, मिशन हॉस्पिटलांना तिथूनच औषधं जातात. तुटवडा असतो, नाही असं नाही, पण आम्ही प्रत्येकी २३ किलोच्या बॅगेतून जे वाहून नेलं त्याचं बरंचसं तिथे विकत मिळालं असतं, तिथल्या लेबलसकट, आणि तिथल्या नर्सला ओळखीचं.

आता बिबींची गोष्ट. स्वाहिलीत आजीला बिबी म्हणतात. शाळेच्या तीन वर्गांत आमचा कॅम्प होता, शेवटच्या वर्गात औषधं. चौथ्या दिवशी दुपारी एक बिबी आल्या, बरोबर नात, दहा-बारा वर्षांची. आम्हाला इंटरप्रिटर पोरांनी शिकवलं होतं की मोठ्या माणसाला आधी 'शिकामू' म्हणायचं, त्याचा मूळ अर्थ तुमचे पाय धरते असा सांगतात, मग समोरचा 'मराहाबा' म्हणतो. मी म्हणाले, त्या हसल्या, आणि ते ऐकून मला माझी आजीच आठवली. चिठ्ठीवर बीपी २१०/११०. मी अॅम्लोडिपिन या बीपीच्या औषधाच्या ३० गोळ्या पाउचमध्ये भरत होते तेवढ्यात त्यांनी अंगावरच्या कांगाच्या, म्हणजे तिथल्या बायका गुंडाळतात त्या कापडाच्या, टोकाची गाठ सोडली. आत घडी घातलेलं एक रिकामं प्लास्टिकचं पाउच. त्यावर मार्करने इंग्रजीत "१ ओडी" लिहिलेलं, पुसट झालेलं. औषधाचं नाव नाही. आदल्या वर्षी दुसरी कुठलीतरी टीम आली होती, त्यांनी महिन्याच्या गोळ्या दिल्या होत्या. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला कळतं, तिथे लेबलवर "कुत्वा मारा मोजा" लिहितात, म्हणजे दिवसातून एकदा, ते त्यांच्या नातीनेही वाचलं असतं. महिना संपला, गोळ्या संपल्या, आणि बिबी थांबल्या. अकरा महिने. पाहुणे परत येतील, तेव्हा हे पाउच दाखवायचं, म्हणजे त्यांना कळेल कुठलं औषध ते, म्हणून जपून ठेवलेलं.

बीपीचं औषध महिनाभर देऊन काय होतं? महिनाभर बीपी उतरतं. बस. ते रोज, कायम घ्यायचं औषध आहे हे मी इथे काउंटरवर दिवसातून दहा वेळा सांगते, आणि तिथे माझ्याच हाताने ३० गोळ्यांचं पाउच भरून देत होते. मी पाउच बदललं, इंटरप्रिटरकडून स्वाहिलीत नीट लिहून घेतलं, औषधाचं नाव घातलं. पण गोळ्या ३०च दिल्या, कारण रांग दारापर्यंत होती आणि स्टॉक पुरवायचा होता.

त्याच संध्याकाळी गावापासून जवळच्या छोट्या दवाखान्यातला क्लिनिकल ऑफिसर भेटायला आला. तिथे ही एक पोस्ट असते, डॉक्टरच्या खालोखाल, खेड्यापाड्यातली बहुतेक ओपीडी हीच माणसं सांभाळतात. तिशीतला असेल. फार नम्रपणे बोलला, आणि तेच जास्त लागलं. म्हणाला, तुम्ही आलात याचा आनंद आहे, पण हा आठवडा माझ्या दवाखान्यात कोणीच आलं नाही, सगळे तुमच्या फुकट औषधांना थांबलेत, एक मलेरियाचं पोर दोन दिवस तापात घरीच ठेवलं होतं. तुम्ही शुक्रवारी जाल, सोमवारी हेच लोक माझ्या रांगेत असतील, हातात तुमची पाउचं, आणि मला कळणारही नाही त्यात काय आहे. मग त्यानं विचारलं, तुम्ही लिहिलेले पेशंटचे पेपर मला मिळतील का? आमच्याकडे पेपरच नव्हते. नोंदणीच्या वहीत नाव, वय आणि एक टिकमार्क. तो टिकमार्क मोजूनच १,८४० आले होते.

एक गोष्ट लिहायला जड जातेय पण लिहिते. परदेशी डॉक्टरला तिथे काम करायचं तर तात्पुरतं रजिस्ट्रेशन लागतं, आमच्या डॉक्टरांनी ते रीतसर काढलं होतं. पण गर्दी वाढली तसं ज्यांना काहीच शिक्षण नाही अशी आमची मंडळी बीपी घ्यायला बसली, आणि अजून शिकत असलेल्या एका मुलाने पेशंटचे दात उपटले. इथे आपण कोणालाही असं करू दिलं नसतं, स्वतःच्या आईचा दात तर नाहीच. तिथे कसं चाललं? तिथले लोक गरीब आहेत म्हणून? मी हा प्रश्न मंडळीच्या मीटिंगमध्येही विचारला, आणि तिथे बराच वेळ कोणी बोललं नाही.

प्रार्थनेचंही सांगते, कारण मी स्वतः प्रार्थना करणारी बाई आहे. आमच्याकडे प्रार्थनेचं टेबल औषधांच्या आधी होतं. तिथून पुढे गेलं की औषध. कोणी जबरदस्ती केली नाही, पण रांगेतल्या माणसाला काय वाटणार? त्याला वाटणार की हे केलं तर ते मिळेल. आजारी माणसाला नाही म्हणायची मोकळीक नसेल तर त्याच्या हो ला काय अर्थ. ते टेबल शेवटी पाहिजे, दाराबाहेर, झाडाखाली, ज्याला बसायचंय तो बसेल.

मग जायचंच नाही का? जायचं. पण वेगळ्या तऱ्हेनं. टांझानियातलंच उदाहरण देते. हायडम नावाचं लुथरन चर्चचं हॉस्पिटल आहे, १९५० च्या दशकात नॉर्वेच्या मिशननं उभं केलेलं. जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात पिशवी-मास्कने श्वास कसा द्यायचा, हे शिकवायचा 'हेल्पिंग बेबीज ब्रीद' नावाचा कोर्स आहे, तो तिथे एक दिवसाचा घेतला. नंतर तपासलं तर बाहुलीवर सगळ्यांना चांगलं जमत होतं, पण खऱ्या लेबर रूममध्ये फरक पडलेला नव्हता. हे त्यांनी झाकलं नाही, छापलं. मग तिथेच कामाच्या जागी थोडा थोडा वेळ पण वारंवार सराव सुरू केला, आणि पहिल्या २४ तासांत दगावणारी बाळं कमी झाली. देशातल्या ८ हॉस्पिटलांचा मिळून अभ्यास २०१३ मध्ये आला, त्यात पहिल्या २४ तासांतले बाळांचे मृत्यू ४७ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. यात बाळांना श्वास कोणी दिला? तिथल्याच सुईणींनी, रात्री दोन वाजता, कोणी पाहुणा नसताना. आमच्या तीन नर्सपैकी एक लेबर रूममध्ये पंधरा वर्षं काम केलेली आहे, आणि आम्ही तिला आठ दिवस व्हिटॅमिनच्या गोळ्या मोजायला बसवलं.

चांगल्या शोमरोन्याची, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्या वाटसरूची गोष्ट आमच्या चर्चमध्ये लहानपणापासून सांगतात, बायबलात लूकच्या १० व्या अध्यायात आहे. जखमा बांधल्या, तेल-द्राक्षारस ओतला, इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पुढचं पटकन वाचून सोडून देतो. तो त्या जखमी माणसाला उतारशाळेत नेतो, रात्रभर काळजी घेतो, दुसऱ्या दिवशी तिथल्या रखवालदाराला दोन दिनार देतो आणि म्हणतो याची काळजी घे, जास्त खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा देईन. म्हणजे जायच्या आधी त्यानं पेशंट तिथल्याच माणसाच्या हाती सोपवला, पैसे दिले, आणि परत यायचा शब्द दिला. आमच्या ट्रिपमध्ये तेल-द्राक्षारस भरपूर होता. उतारशाळेचा रखवालदार मात्र आमची वाट बघत बाहेर उभा होता आणि आम्ही त्याच्याशी चौथ्या संध्याकाळपर्यंत बोललोही नव्हतो.

हे सगळं मी परत आल्यावर पाळकसाहेबांसमोर मांडलं. वाद झाला, काही जण अजून नाराज आहेत, माझ्यामुळे तरुणांचा उत्साह गेला म्हणतात, आणि त्यांचं अगदीच चूक आहे असं नाही, कारण १४ जणांची टीम गेली तर १४ घरांत त्या देशासाठी प्रार्थना होते, पैसे पाठवले तर एका पावतीवर संपतं. ते नुकसान खरं आहे. पण आता आम्ही एकच दवाखाना धरलाय, तोच क्लिनिकल ऑफिसर. वर्षातून दोनदा फक्त दोघं जातात, तो बोलावेल ते. मागच्या वेळी ती लेबर रूमवाली नर्स गेली होती आणि एक उपकरणं दुरुस्त करणारा मुलगा, त्यानं कोपऱ्यात बंद पडलेलं ऑक्सिजनचं मशीन चालू केलं आणि तिथल्या पोराला फिल्टर बदलायला शिकवून आला. उरलेल्या तिकिटांचे पैसे बीपी-शुगरच्या औषधांना जातात, तिथेच खरेदी होते.

संपादकसाहेब, तुम्हाला एकच विनंती. अशी बातमी आली की किती पेशंट तपासले एवढंच छापू नका. टीमला विचारा, तुम्हाला बोलावलं कोणी? पेपर कोणाकडे ठेवून आलात? परत कधी जाणार? हे तीन प्रश्न बातमीदार विचारायला लागले ना, की आमच्यासारख्या मंडळ्या ट्रिप ठरवतानाच त्यांचा विचार करतील. आणि फोटो छापताना त्या रांगेतल्या माणसाची परवानगी घेतली होती का तेही विचारा. आम्ही घेतली नव्हती.

तो क्लिनिकल ऑफिसर आता महिन्याला एक मेसेज पाठवतो, नावं न देता फक्त आकडे, आणि तेच बरोबर आहे. गेल्या महिन्यात बीपीच्या रजिस्टरमधल्या ६१ पैकी ४४ जण औषध न्यायला आले. राहिलेल्या १७ जणांच्या घरी आरोग्यसेविका जाऊन आली, दोघं वारले होते, तिघं गाव सोडून गेलेत, बाकीच्यांना पुढच्या आठवड्याची तारीख दिलीय. बिबी त्या ४४ मध्ये असतील असं मी धरून चाललेय.

आपली नियमित वाचक,
एक फार्मासिस्ट