नाकारा, पण कारण सांगा : माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

लोकांच्या मोबाइलवर कोणते ॲप पोहोचणार, हे जगात बहुतेक ठिकाणी ॲपल आणि गूगल यांची स्टोअर ठरवतात. अँड्रॉइडवर बाहेरून ॲप टाकता येते खरे, पण धोक्याच्या सूचना ओलांडून ते करणारे थोडेच.

स्टोअरवर येण्याआधी ॲपची तपासणी हवीच. पासवर्ड चोरणारी, कर्जाच्या नावाने लुबाडणारी कितीतरी ॲप तिच्यामुळेच अडतात. माझी तक्रार आहे ती नकार ज्या पद्धतीने कळवला जातो तिच्याबद्दल.

काही वर्षांपूर्वी औषधांच्या वेळांची आठवण करून देणाऱ्या आमच्या ॲपचे अपडेट एका स्टोअरने परत पाठवले. ईमेलमध्ये स्टोअरच्या नियमावलीतल्या कलमाचा क्रमांक, त्या कलमाचा ठरावीक मजकूर आणि आमच्याच पहिल्या स्क्रीनचा स्क्रीनशॉट. खटकले काय? बटण, मजकूर, की मागितलेली परवानगी? खुलासा विचारला तर तोच मजकूर पुन्हा आला. मग आम्ही अंदाजाने एकेक गोष्ट बदलत राहिलो. तोवर जुन्या आवृत्तीतला दोष लोकांच्या फोनवर तसाच होता : फोन रीस्टार्ट झाला की औषधाची आठवण वाजतच नसे. अखेर मंजुरी मिळाली, तीही कशामुळे ते आजतागायत कळलेले नाही.

ॲपलचे स्टोअर जुलै 2008 मध्ये सुरू झाले. तपासणीची नियमावली जाहीर झाली सप्टेंबर 2010 मध्ये. त्या मधल्या काळात व्यंगचित्रकार मार्क फिओरे यांचे ॲप सार्वजनिक व्यक्तींची खिल्ली उडवते म्हणून नाकारले गेले. एप्रिल 2010 मध्ये त्यांना पुलित्झर हा पत्रकारितेतला मानाचा अमेरिकी पुरस्कार मिळाला, बातम्या झाल्या आणि तेच ॲप मंजूर झाले. ज्याला पुलित्झर मिळत नाही त्याने काय करायचे? मर्यादा कुठे आहे ते ‘बघितल्यावर कळेल’ अशा अर्थाचे वाक्य त्या नियमावलीत आजही आहे. परीक्षकाला काही मोकळीक लागते, हे मान्य. पण मग त्याने नेमके काय बघितले, ते तरी लिहून द्यावे.

हे अशक्य नाही. युरोपीय संघात 12 जुलै 2020 पासून लागू असलेल्या नियमानुसार, प्लॅटफॉर्मने व्यावसायिकाची सेवा रोखली किंवा बंद केली तर त्यामागची ठोस कारणे लेखी द्यावी लागतात. आपल्या कायद्यात हे पहिल्या नकारालाही लागू करा. अपील पहिला निर्णय देणाऱ्याखेरीज दुसऱ्या माणसाने, ठरलेल्या मुदतीत ऐकावे. आधीपासून स्टोअरवर असलेल्या ॲपची दोषदुरुस्ती, कायदेशीर अडचण नसेल तर, इतर नियमभंगासाठी अडवणार नाही, असे ॲपलने 2020 मध्ये स्वतःच जाहीर केले होते. ते बंधन सगळ्यांवर घाला.

मंजुरीचा अधिकार मंत्रालयाने स्वतःकडे घ्यावा, असे मात्र मी मुळीच म्हणत नाही. तसे झाले तर सरकारवर टीका करणारे ॲप सर्वांत आधी अडकेल. उलट, सरकारच्या सांगण्यावरून जी ॲप काढली जातात, त्यांची यादीही कारणांसह जाहीर करा.

अशा कायद्याच्या मसुद्याच्या चर्चेला दोन-तीन माणसांच्या चमूंनाही बोलवा. मोठ्या कंपन्यांना स्टोअरमध्ये फोन उचलणारे कोणीतरी असते. आम्हाला ठरावीक मजकुराचा ईमेल येतो.

कळावे,
एक ॲप डेव्हलपर