टीचर, तुम्ही माझा हात सोडवलात

प्रिय टीचर,

परवा रात्री घरी पियानोवर रखमानिनॉफचे ते तीन सूर वाजवले आणि बाबा आतल्या खोलीतून बाहेर आले. बोलले काहीच नाहीत. खुर्ची ओढून शेवटपर्यंत बसून राहिले. हे तुम्हाला फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही, लगेच "स्केल झाले का?" म्हणून रोजच्या आरोह-अवरोहाच्या सरावाचं विचारता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. दुखरा हात घेऊन पियानोपुढे बसणारी मी एकटी नाही.

वांद्र्याला तुमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा माझं मनगट रात्री ठणकायचं. त्याआधी जिथे शिकत होते तिथे एकच मंत्र होता: बोटांत जोर आण. हाताच्या पाठीवर नाणं ठेवून वाजवायचं, घरी रबरी चेंडू दाबायचा. जोर वाढला, दुखणंही वाढलं, आवाज मात्र ताटली आपटल्यासारखाच राहिला. तुम्ही पहिल्या दिवशी मला वाजवूच दिलं नाहीत. "आधी डॉक्टरांना दाखव, मग ये." ते तीन आठवडे मला फार लागले होते, पण आज त्यासाठीच सगळ्यात आधी आभार मानते.

परत आले तेव्हा तुम्ही माझा उजवा हात कोपराखाली धरून उचललात आणि म्हणालात, "याचं वजन मला दे." मी दिलं, असं मला वाटलं. तुम्ही आपला हात अचानक काढून घेतलात, आणि माझा हात तसाच हवेत राहिला! "बघ, तू धरून ठेवला आहेस. सोड गं." तो हात धपकन मांडीवर पडायला मला दीड महिना लागला.

मग तुम्ही पियानोची पुढची फळी काढलीत. लहानपणापासून भजनाला पेटी वाजवणारी मी, पट्टी म्हणजे दाबून धरायची वस्तू एवढंच मला ठाऊक. पेटीत आवाज लहानमोठा होतो तो भात्याने, बोटाने फक्त वाट उघडायची. इथे तुम्ही एक पट्टी अगदी सावकाश खाली नेलीत. हातोडी तारेकडे झुकत गेली आणि तारेपासून दोन-तीन मिलिमीटरवर सुटून मागे आली. आवाज झालाच नाही. पट्टीचा सगळा प्रवास जेमतेम एक सेंटिमीटर, आणि ती तळाला टेकायच्या जरा आधीच हातोडी आपल्या ताब्यातून जाते. आवाज किती मोठा, हे हातोडी किती वेगाने सुटली त्यावर ठरतं. त्यानंतर मी कितीही रेटलं तरी ते फक्त लाकडाला आणि माझ्या मनगटाला. इतकी वर्षं मी सूर होऊन गेल्यावर दाबत होते, टीचर. हे मला आधी कुणी उघडून दाखवलंच नव्हतं.

सगळंच ढिलं सोडायचं नाही, हेही तुमच्याकडूनच कळलं. बोटाचं टोक आणि तळव्याची कमान पक्की, मनगट मऊ, वजन खांद्यापासून. कणीक मळताना आपण बोटांनी कुठे दाबतो, अंगाचा भार टाकतो आणि लगेच उचलतो. त्यासाठी बसणंही बदललंत. पेटीपुढे मांडी घालून बसायची सवय, म्हणून पियानोपुढेही मी खाली दबून बसायचे. तुम्ही स्टुलावर चादरीची घडी ठेवून कोपर पट्ट्यांच्या पातळीला आणलंत, पाय जमिनीवर टेकवायला लावलेत. दोन इंचांनी आवाज बदलला!

आणि तुम्ही माझ्याच भाषेत शिकवलंत. पियानोचा मोठा संगीतकार शोपाँ शिष्यांना पांढऱ्या पट्ट्यांवरच्या सी मेजर स्केलने सुरुवात करू देत नसे, बऱ्याच काळ्या पट्ट्यांचं बी मेजर आधी देई, हे सांगताना म्हणालात, "तुझ्या पेटीच्या हिशोबाने पांढरी सात." पेटीत आम्ही पट्ट्या अशाच रंगाने आणि क्रमांकाने ओळखतो. अंगठा पांढरी तीनवर, करंगळी पांढरी सातवर, मधली लांब बोटं काळी तीन, चार आणि पाचवर. हात आपोआप नीट बसला. पुस्तकातली आकृती बघून तो कधी तसा बसला नव्हता.

रशियन संगीतकार रखमानिनॉफच्या सी शार्प मायनर प्रील्यूडचे, म्हणजे एका छोट्या रचनेचे, पहिले तीन सूरही तुम्ही असेच सांगितलेत: पांढरी सहा, काळी चार, काळी एक. दोन्ही हातांनी ऑक्टेव्हमध्ये, म्हणजे तोच सूर दोन सप्तकांत एकदम, पूर्ण ताकदीने, आणि पाठोपाठ अगदी हलक्या आवाजातले कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर. त्या सुरांवरून कॉर्डवर उडी मारताना माझा हात दर वेळी शेजारच्या पट्टीवर पडायचा. सावकाश वाजवून पाहिलं, तरी चुकायचं, कारण मी उडीही सावकाश मारत होते. तुम्ही म्हणालात, "आधी पोहोच, मग वाजव." नजर आधी जाईल, हात झटकन जाऊन पट्ट्यांना नुसता टेकेल, तिथे थांबायचं, बोटं बरोबर आहेत ना बघायचं, मग वजन सोडायचं. प्रवास जलद, थांबणं लांब. हळूहळू ते थांबणं कमी करत न्यायचं. पंधरा दिवस मी उड्यांचा आवाजच केला नाही, फक्त पोहोचत राहिले. शेजाऱ्यांना वाटलं मी पियानो सोडला.

चूक झाली की तुम्ही "चुकलं" म्हणत नाही. "कुठे धरलंस?" असं विचारता. मानेत, जबड्यात, डाव्या अंगठ्यात, कुठेतरी धरलेलं असतंच. आता लोकलमध्ये दांडी पकडतानाही मी स्वतःला हेच विचारते.

मनगट वर्षभरात एकदाही ठणकलं नाही. तो तिसरा सूर, खालची काळी एक, अजून दहातून दोनदा कोरडी येते. सोमवारी ऐकवते.

आणि जून जवळ आलाय. ओल धरू नये म्हणून पियानोत बल्ब लावायचा असतो, तेव्हा खालची फळी काढायला तुम्ही वाकू नका. मी रविवारी येऊन लावते.

तुमची,
पेटीवाली