रात्रभर बेडूक ओरडतात म्हणजे सगळं ठीक आहे असं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की आपल्या पेपरात दोन दिवसाआड तरी बातमी असते, कुठल्या कॉलनीत घोणस पकडली, कुठल्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये नाग निघाला, आणि लोकांचं एकच म्हणणं, साप लई वाढलेत. बेडकांचं पण तेच. कमी झालेत म्हटलं तर म्हणतात कुठं कमी झालेत, रात्रभर झोपू देत नाहीत. मी करवीर तालुक्यातला ऊस लावणारा शेतकरी, साप-बेडकांचा नाद लहानपणापासून, आणि मला हे अजिबात पटत नाही म्हणून लिहितोय.

आपल्याला दिसतात आणि ऐकू येतात त्या दोन-चारच जाती, माणसाशेजारी कुठंही निभावून नेणाऱ्या. घोणशीला उसाचा फड मानवतो कारण तिथं उंदीर भरपूर आणि दडायला पाचट. अंगावर फोड असल्यासारखा दिसणारा तो भेक (बेडकाचाच एक प्रकार) तर रस्त्यावरच्या लाईटखाली बसून किडे खातो, त्याचं काही अडत नाही. पण ज्यांना ठरावीकच जागा लागते ते गुपचूप जातात, त्यांची बातमी होत नाही कारण ते कुणाच्या पार्किंगमध्ये येत नाहीत. आंबोलीच्या सड्यावरचा (सडा म्हणजे जांभ्या खडकाचं उघडं पठार) भेक घ्या, २००९ साली त्याची नवीन जात म्हणून नोंद झाली, आंबोलीच्या आसपास सोडून जगात कुठं सापडत नाही, जांभ्या खडकाच्या खळग्यात साचलेल्या बोटभर पाण्यात अंडी घालतो. तो खडकच फोडला तर त्यानं जायचं कुठं? त्याच साली आपल्या दाजीपूरकडच्या जंगलातून जमिनीवर, पालापाचोळ्यात राहणारी एक छोटी पाल नोंदवली गेली आणि तिच्या शास्त्रीय नावातच कोल्हापूर आहे. किती जणांना माहीत आहे हे?

जंगलतोड हा एकच मुद्दा नाही हे मला मुद्दाम सांगायचंय. शेतात बघा. आमच्या पाण्याच्या टाकीला पहिल्या पावसानंतर आतल्या भिंतीला, पाण्याच्या वर वीतभर, पांढरा फेस चिकटलेला असतो, कुणीतरी साबण लावून ठेवल्यासारखा. ते झाडबेडकाचं घरटं. मादी फेस करून त्यात अंडी घालते, वरनं तो वाळतो आणि आत ओल टिकते, काही दिवसांनी पिल्लं टपाटप खाली पाण्यात पडतात. नवीन माणूस कामाला आला की घाण समजून खराट्यानं काढून टाकतो, म्हणून दरवर्षी आधी सांगून ठेवावं लागतं. एवढ्याशा गोष्टीवर एक अख्खी पिढी अवलंबून असते हो. बेडकाच्या अंड्याला कवच नाही, कातडी ओली, त्यातनंच तो श्वास पण घेतो आणि पाण्यातलं औषध पण. आणि आपण बांध तणनाशकानं जाळतोय, उसात ॲट्राझिन नावाचं तणनाशक सर्रास मारतोय, जे भूजलात उतरतं म्हणून युरोपियन युनियननं २००४ मध्ये बंद करायचा निर्णय घेतला. बांधावरची करवंद, निर्गुडी काढून चार सऱ्या वाढवल्या की उंदीर खाणाऱ्या बिनविषारी धामणीला आडोसा राहत नाही, धामण गेली की उंदीर वाढतात आणि उंदरामागं घोणस येते. मग म्हणायचं साप वाढले.

सड्यांचं तर बघवत नाही. मसाई पठारावर एखादा सपाट दगड हळूच उचलून बघा (आणि होता तसाच परत ठेवा, हे महत्त्वाचं), भर उन्हात पण खाली ओल असते, विंचू, मुंग्या, नशीब असेल तर पाल. लोक तेच दगड गोळा करून चूल मांडतात, मनोरे रचून फोटो काढतात. राधानगरी, शाहूवाडी, चंदगडकडं बॉक्साइटसाठी सडेच्या सडे खरवडले गेले. कागदावर ती पड जमीन, म्हणून परवानगीला अडचण येत नाही.

आणि कोल्हापूर शहर. वरुणतीर्थ तळं बुजवून गांधी मैदान झालं, कपिलतीर्थाची मंडई झाली, हे जुन्या लोकांना माहीत आहे. आता नदीकाठच्या सखल रानात मुरूम टाकून प्लॉटिंग चालू आहे. २०१९ आणि २०२१ चा पूर बघूनसुद्धा. आमच्या रस्त्याकडंच्या ओघळीत वळवाला पिवळेधमक झालेले मोठे बेडूक जमायचे, ओघळ बुजली, ते पण संपले.

जगातली २०२३ ची आकडेवारी सांगते की बेडकांसारख्या उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत, सरपटणाऱ्यांच्या २०२२ च्या अभ्यासात २१ टक्के, आणि दोन्हीकडं शेतीसाठी जागा जाणं हे मोठं कारण. सर्पदंशाची भीती मला कळते, देशात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं जातात, मी पण रात्री बॅटरीशिवाय रानात पाय टाकत नाही. पण विषारी साप घरापाशी येण्यात आपण जमिनीचं जे केलं त्याचा पण हात आहे.

माझी मागणी साधी आहे. २००२ च्या कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही (गावातल्या झाडं-प्राण्यांची नोंद) असायला पाहिजे. ती ऑफिसात बसून झाडांची नावं उतरवून भरू नये, जून-जुलैत रात्री बॅटरी घेऊन ओढ्याला, सड्यावर जाऊन भरावी, पोरं आनंदानं येतील. आणि सड्यावर खाण किंवा ओढ्याकाठी भराव याला परवानगी देण्याआधी पावसाळ्यातला सर्व्हे सक्तीचा करावा, कारण हे जीव उन्हाळ्यात जमिनीखाली असतात आणि एप्रिलमध्ये केलेल्या सर्व्हेत सडा रिकामाच दिसणार. आपल्या पेपरनं हा विषय जिल्हा परिषदेपुढं लावून धरावा ही विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. करवीर, जि. कोल्हापूर